सहावं वळण

द्रोणागिरीत, जिथे रस्ते आधी आले
आणि घरं अजून यायची आहेत,
तिथे शनिवारी दुपारी चारला झेंडा पडला.
एकतीस जुन्या गाड्या, बारा तास.
त्यातली सगळ्यांत तरुण गाडी माझ्या वयाची.

हिराजीमामांनी जागा आदल्या दिवशीच हेरलेली.
उभ्या ट्रेलरांची सावली इथे पाचपर्यंत पुरते,
वारा खाडीकडून, म्हणजे धूर पलीकडच्यांना.
दोन घडीच्या खुर्च्या, मच्छरांचं मलम,
डब्यात तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी,
आणि फेऱ्या मांडायला माझी अर्धी कोरी वही.

शर्यत बघणं म्हणजे मुख्यतः रस्ता बघणं,
हे आधी कुणी सांगत नाही.
तारेवर वेडा राघू. तापलेलं डांबर.
मग पुलावरून गुरगुर, आणि चार सेकंद:
निळी हेराल्ड, तिच्या मागे अ‍ॅम्बॅसेडर,
दोन्ही हातांत भरल्या पिशव्या घेऊन
एखादी मावशी वळावी तशी वळते.
लोक शिट्ट्या मारतात. कुणाचं तरी पोर झोपतं.
आम्ही फक्त चौदा नंबर मोजतो, पोपटी फियाट.
बाकीच्या कितीही येऊन जावोत,
आपली गाडी येईपर्यंत रस्ता रिकामाच असतो.

मामांनी बावीस वर्षं कुर्ल्याच्या कारखान्यात
दारं बसवली.
फक्त दारं. फक्त उजवी, ड्रायव्हरची.
डावी परेरा बसवायचा.
संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँच, मग मोरा, मग पायी.
स्वतःची गाडी कधी नव्हती,
तशी चर्चाही आमच्या घरात झाली नाही.

सकाळी गाड्या बघायला सोडलं होतं तेव्हा
ते चौदा नंबरच्या बिजागरीशी वाकले.
ठाण्याच्या दाताच्या डॉक्टर, टिपणीसबाई, हेल्मेट काखेत,
म्हणाल्या, काका, हात नको, रंग ओला आहे.
मामांनी हात खिशात घातला.
नंतर बराच वेळ तो खिशातच होता.

अंधार पडला तशा गाड्या गेल्या, उरले दिवे.
पलीकडे बंदराच्या क्रेन जाग्या,
त्यांना या सगळ्याशी काही घेणंदेणं नाही.
माइकवरचा माणूस अकरानंतर नुसतेच आकडे वाचू लागला,
तिवरांचा वास आला, ओहोटी लागली असावी.
मामा डोळे मिटून. मला वाटलं झोपले.
"रेघ मार," म्हणाले. दोन सेकंदांनी चौदा नंबर वळली.

दोन वाजून दहा मिनिटांनी ती आली नाही.
पाच मिनिटं. नऊ.
हेराल्ड दोनदा येऊन गेली.
इतक्या इंजिनांच्या गोंगाटात
एका गाडीचं न येणं स्वच्छ ऐकू येत होतं.
वहीवर एक किडा चालत गेला, मी त्याला जाऊ दिलं.

मग पुलाच्या माथ्यावर एकच दिवा, मंद, आवाज नाही.
बाई एकट्या ढकलत होत्या,
उजवं दार उघडं, खांदा खांबाला, एक हात स्टीअरिंगवर.
नियम असा की मदत करायची नाही.
कठड्यापाशी सगळे उभे राहिलो,
आपापले हात आपल्यापाशी ठेवून.

उतार लागला. गाडी जड झाली, मग हलकी,
बाई दोन पावलं धावल्या, आत पडल्या,
धावत्या गाडीत एका हाताने दार ओढलं.

ठप्प.

क्लच सुटला, धक्का बसला, इंजिन खोकलं, धरलं,
लोक ओरडले ते त्यासाठी.
मामा म्हणाले, "आइकलस? आपटाला नाय लागला."

पहाटे चारला झेंडा पुन्हा पडला, दीड किलोमीटर पलीकडे,
आम्हाला काही दिसलं नाही.
चौदा नंबर एकोणिसावी, असं माइक म्हणाला.
खुर्च्या घडी केल्या. मामांची उघडेना, मग मिटेना.

कमानीपाशी रिक्षा मिळाली.
रिक्षाला दार नसतं.
मामा आत बसले, आणि सवयीनं हात बाहेर काढून
अंधारातून काहीतरी
हलकेच ओढून घेतलं.